रॉ देत नाहीत ते बरोबरच, पण कारण चुकीचं सांगतात

तुळशीचं लग्न झालं की कोल्हापुरात कार्यालयांच्या तारखा मिळत नाहीत, आणि त्यानंतर महिन्या-दीड महिन्यानं फोटो स्टुडिओंमध्ये एक ठरलेलं भांडण सुरू होतं. नवरा मुलगा नाहीतर नवरीचा भाऊ हार्डडिस्क घेऊन येतो आणि म्हणतो, दादा सगळा डेटा टाकून द्या की, रॉ सकट. रॉ म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची, काम न केलेली फाईल. फोटोग्राफर दादा म्हणतात रॉ देत नाही आम्ही. का नाही? तर म्हणे आमचा कॉपीराइट आहे. झालं, इथून पुढं आवाज चढतात, पैसे आम्ही मोजले, लग्न आमचं, तोंडं आमची, मग कॉपीराइट तुमचा कसा काय?

माझं मत आधीच सांगून टाकतो. रॉ न देणं बरोबर आहे, पण कॉपीराइटचं कारण साफ चूक आहे, आणि चुकीचं कारण सांगितल्यामुळं बरोबर असलेली गोष्ट पण लोकांना लबाडी वाटते. मी लग्नाचे फोटो काढत नाही, फोटोग्राफर लोकांचा डेटा माझ्याकडं येतो, मी कलर करेक्शन आणि अल्बम डिझाईन करतो. म्हणजे रॉ रोज उघडतो मी, आणि 'आत्याचा फोटो का नाही घेतला' हे फोन पण बऱ्याचदा माझ्याकडंच येतात, त्यामुळं दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायची सवय झालीय.

आधी रॉ म्हणजे काय ते बघू, कारण मागणाऱ्यातल्या बऱ्याच जणांना खरं तर रॉ नकोच असते, त्यांना न निवडलेले सगळे फोटो हवे असतात, आणि ती मागणी वेगळी आहे, तिच्याकडं नंतर येतो. रॉ म्हणजे सेन्सरवर जेवढा उजेड पडला त्याची कच्ची नोंद. कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, अशी प्रत्येकाची वेगळी फाईल. त्यात एका पिक्सेलला एकच रंग मोजलेला असतो, लाल, हिरवा नाहीतर निळा. कोडॅकच्या ब्राइस बेयरच्या नावावर १९७६ सालचं पेटंट आहे त्या रंगांच्या जाळीचं, आणि आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तीच जाळी आहे. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून हिशोब करून सॉफ्टवेअर भरतं. म्हणजे जो 'ओरिजनल फोटो' तुम्ही मागताय तो फोटो अजून झालेलाच नसतो, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला त्यावर त्याचा रंग ठरतो, कॅननच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये एक दिसणार आणि लाइटरूममध्ये दुसरा. रॉचा फायदा एवढाच की तिच्यात माल भरपूर असतो. १४ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या, जेपीजीमध्ये २५६. म्हणून अंधारात गेलेला चेहरा वर उचलता येतो, पण तो कोणीतरी उचलावा लागतो, आपोआप येत नाही. आणि मी तो उचलला तरी ते काम त्या रॉ फाईलमध्ये जात नाही, बाजूला एका छोट्या एक्सएमपी फाईलमध्ये नाहीतर लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये बसतं. तुम्ही नुसती रॉ घेऊन गेला तर माझं सगळं काम इथंच राहिलं आणि तुमच्या हातात आलं ते कामाच्या आधीचं.

नुसतं सांगून कळत नाही म्हणून एक फ्रेम दाखवतो. अक्षता पडतानाची. स्टेजच्या मागं एलईडी वॉल, त्यावर जांभळं काहीतरी चाललंय, वरून पिवळे हॅलोजन, आणि डाव्या बाजूनं व्हिडिओवाल्याचा पांढरा लाईट. रॉ उघडली की नवरीचा एक गाल केशरी, दुसरा निळसर, मुंडावळ्यांचे मोती पांढरे असायला हवेत ते जांभळे. नवऱ्याची शेरवानी ऑफव्हाइट, तिच्यावरचं जरीकाम पांढरंफटक पडू नये म्हणून फोटोग्राफरनं मुद्दाम एक स्टॉप अंडर मारलाय, म्हणजे उजेड निम्माच घेतलाय, त्यामुळं दोघांचे चेहरे काळवंडलेले. आणि हवेतल्या अक्षतांमधला एक तांदूळ बरोबर नवरीच्या बुबुळावर. फोटोग्राफरची चूक शून्य, उलट पोरगं हुशार आहे, त्याला माहीत आहे की अंडर गेलेलं परत येतं आणि जास्त उजेडानं एकदा जळालेलं जरीकाम परत येत नाही. पण हीच फ्रेम नवरीच्या आईला जशीच्या तशी दाखवली तर ती काय म्हणेल? एवढे पैसे घेतले आणि माझ्या पोरीला काळी केली. तिचं पण चुकत नाही, तिला दिसतंय तेच ती बोलणार. शिवाय लग्नात कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर तिनं बघितलेला असतो तो कॅमेऱ्यानं स्वतः रंग लावून दाखवलेला प्रिव्ह्यू, त्यामुळं 'तिथं तर भारी दिसत होता' हे वर आणखी.

तरी काही जण देतात, भिडेखातर म्हणा किंवा कटकट नको म्हणून. मग पहिला फोन येतो की दादा फाईल करप्ट दिलीय, कारण बऱ्याच फोनमध्ये रॉ उघडतच नाही. उघडली तर रॉच्या पोटात असलेला जेपीजी प्रिव्ह्यू दिसतो, लोकांना वाटतं हाच फोटो. मग घरातला एखादा भाऊ, ज्याला फोनवर एडिटिंग येतं असं सगळ्यांचं मत असतं, तो फिल्टर मारतो, चेहरे दुधात बुडवल्यासारखे, आकाश हिरवं, आणि खाली स्टुडिओचं नाव टॅग करतो, तेही प्रेमानं. आता कोल्हापूर केवढं आहे, कागलपासून पन्हाळ्यापर्यंत सगळे एकमेकांचे पाव्हणे. पुढच्या लग्नाचं गिऱ्हाईक तोच फोटो बघतं आणि म्हणतं यांचं काम असलं असतं होय, नको. ह्या धंद्यात जाहिरात म्हणजे मागच्या लग्नाचा अल्बमच, दुसरी जाहिरात नाही. त्यामुळं अर्धवट काम बाहेर जाऊ न देणं ह्याला मी माज म्हणणार नाही, पोट त्याच्यावर आहे.

साईजचं पण बघा. एका लग्नात दोन दिवसांत ४००० फ्रेम सहज होतात, एक रॉ ३० एमबी धरली तर १२० जीबी. आणि त्या ४००० मध्ये असतं काय? एकाच ग्रुपच्या सहा फ्रेम, कारण प्रत्येक वेळी कोणाचे तरी डोळे मिटलेले, फ्लॅश न पेटलेल्या, मध्येच मोबाईल घेऊन आडवा आलेला काका, लाईट चेक करायला मारलेल्या रिकाम्या खुर्च्या.

पण ह्यापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे जी कोणी बोलत नाही, आणि माझ्या दृष्टीनं रॉ न देण्याचं सगळ्यात भक्कम कारण तेच आहे. त्या ढिगात फक्त नवरा-नवरी नसतात. पंगतीत घास तोंडात असलेल्या बायका असतात, पदर नीट करणारी कोणाची तरी सून असते, पाठवणीला रडून नाक पुसणारा बाप असतो, हळदीत भिजलेल्या पोरी असतात, कोपऱ्यात दोन भावांची जमिनीवरून चाललेली बाचाबाची पण असते. फोटोग्राफर शटर दाबून धरतो तेव्हा हे सगळं येतं, मुद्दाम नाही, येतंच. निवडताना तो ते बाजूला काढतो. त्या पाहुण्यांनी फोटोग्राफरला पैसे दिलेले नाहीत, त्यांनी सही केलेली नाही, त्यांना विचारलेलं पण नाही, त्यांची अब्रू राखणारा त्या वेळी तो निवडणारा माणूस एकटाच असतो. तुम्ही सगळी हार्डडिस्क नेली आणि घरच्या टीव्हीवर लावली, नाहीतर फॅमिली ग्रुपवर लिंक टाकली, तर त्या सुनेला कोण विचारणार? मी रात्री एकटा बसून हे फोटो बघतो, मलाच कधीकधी अवघडल्यासारखं होतं.

फोटोग्राफर लोक एक उदाहरण हमखास देतात, तांबडा-पांढरा खाल्ला म्हणून तुम्ही हॉटेलवाल्याकडं वाटणाचा मसाला बांधून मागता का? मला ते उदाहरण अजिबात पटत नाही. हॉटेलातला मसाला हॉटेलवाल्याचा असतो, इथं चेहरे गिऱ्हाइकाचे आहेत. आणि रस्सा उद्या परत मिळतो, लग्न परत लावता येत नाही. असली टाळीची उदाहरणं दिली की गिऱ्हाइकाला गप्प करता येतं, पटवता येत नाही.

उलट दुसऱ्या कामातलं उदाहरण जास्त बरोबर बसतं. हुपरीच्या चांदीच्या दागिन्यांचे फोटो काढायचे म्हणजे अवघड काम, चांदीत समोरचं सगळं दिसतं, कॅमेरा, काढणारा, वरचा पंखा सुद्धा. एका पैंजणाचा कॅटलॉगमधला फोटो बऱ्याचदा एका क्लिकचा नसतोच, पुढच्या घुंगरावर फोकस, मग मधल्यावर, मग मागच्यावर, लाईट वेगवेगळ्या बाजूनं, आणि हे सगळं एकत्र जोडून एक फोटो. आता ह्याची रॉ द्या म्हटलं तर कुठली देणार? त्यातली कुठलीच म्हणजे तो फोटो नाही. तरी पण ह्याच कामात रॉ द्यायची पद्धत आहे, कारण जाहिरात एजन्सीकडं स्वतःचा रिटचर, म्हणजे फोटो सुधारणारा माणूस असतो, त्याला कच्चा मालच लागतो, आणि त्याचे पैसे आधी ठरवून घेतलेले असतात. म्हणजे 'रॉ कधीच द्यायची नसते' हा पण काही नियम नाही. ज्याला ती वापरता येते आणि ज्यानं ती मागून ठरवून घेतलीय, त्याला मिळते.

निगेटिव्हच्या काळात हा प्रश्न एवढा पेटला नव्हता. ३६ फोटोंचा रोल, निगेटिव्ह स्टुडिओत पाकिटात, फोटोच्या मागं शिक्का आणि नंबर. कॉपी पाहिजे तर नंबर घेऊन या. लोकांना निगेटिव्हचं करायचं काय हेच माहीत नव्हतं म्हणून कोणी मागितली नाही, एवढंच. आणि ह्या गावाला तरी निगेटिव्ह म्हणजे अर्धंच काम हे वेगळं सांगायची गरज पडू नये. प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली, १९२९ ला. त्यांनी 'सैरंध्री' सिनेमा रंगीत करायचा घाट घातला, प्रोसेसिंग जर्मनीला नेऊन केलं, आणि रंगच जमले नाहीत. शूटिंग करणारे काय साधेसुधे होते का? शांताराम बापू होते.

आता कॉपीराइट. इथं फोटोग्राफर मित्रांना राग येणार आहे, येऊ दे. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा म्हणतो की फोटोचा कर्ता म्हणजे जो फोटो काढतो तो. इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे, इन्स्टाग्रामवरच्या रील्सनी पाठ करून घेतलंय. पण त्याच कायद्याचं कलम १७ पुढं म्हणतं की कोणी मोबदला देऊन सांगून फोटो काढून घेतला असेल, आणि वेगळा करार झालेला नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो काढून घेणारा. म्हणजे गिऱ्हाईक. परदेशातल्या फोटोग्राफरचे व्हिडिओ बघून 'कॉपीराइट बाय डिफॉल्ट आमचा' म्हणणाऱ्यांनी हे कलम एकदा बसून वाचावं, तिकडचा कायदा तिकडं. आपल्याकडं कागदावर काही लिहिलं नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या लग्नाच्या फोटोंचा कॉपीराइट फोटोग्राफरचा नाही, त्या भांडायला आलेल्या पोराच्या घरचा आहे.

म्हणून लगेच रॉ द्यायला लागते असं पण नाही. कॉपीराइट कोणाचा हा एक प्रश्न आणि कुठली फाईल कुठल्या स्वरूपात द्यायची हा दुसरा, आणि काढलेली प्रत्येक फ्रेम रॉमध्ये द्या असं त्या कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. उलट कलम ५७ फोटोग्राफरच्या बाजूचं आहे, कॉपीराइट दुसऱ्याकडं गेला तरी हे काम माझं आहे म्हणायचा हक्क त्याच्याकडं राहतो, आणि त्याच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड कोणी केली तर हरकत घ्यायचा पण. पण दुधात बुडवलेल्या चेहऱ्यांसाठी कोण कोर्टात जाणार आहे, व्यवहारात ह्या कलमाचा उपयोग थोडाच. म्हणजे सगळं फिरून येतं ते काय ठरलं होतं आणि ते कुठं लिहिलंय ह्याच्यावर. आणि आपल्याकडं लिहिलेलं काय असतं? व्हॉट्सॲपवर एक रंगीत इमेज. दोन कॅमेरे, एक ड्रोन, कॅन्डिड, टीझर, करिझ्मा अल्बम ४० पानं, प्री-वेडिंग फ्री. डेटाबद्दल एक अक्षर नाही.

आणि ज्या तोंडानं कॉपीराइट म्हणतात त्याच तोंडानं दुसरं काय चालतं ते पण सांगतो. गिऱ्हाइकाला रॉ द्यायची नाही, पण त्याच्या बायकोच्या मेंदीची, रडण्याची, तयार होतानाची रील त्याला न विचारता स्टुडिओच्या पेजवर. वर 'बुकिंग ओपन'. तिथं कॉपीराइट आठवत नाही, बाईला विचारायचं पण आठवत नाही. बाकी पैसे राहिले म्हणून आठ-आठ महिने फोटो अडकवून ठेवणारे आहेत, एकाच हार्डडिस्कवर डेटा ठेवून ती पडल्यावर हात वर करणारे आहेत. मग गिऱ्हाइकाला वाटतंच की सगळंच घेऊन ठेवावं, ह्यांचा काय भरवसा. रॉची मागणी बऱ्याचदा रॉसाठी नसतेच, ती अविश्वासातून येते.

२०१९ चा पूर आठवा. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, पाणी कुठंपर्यंत आलं होतं ते कोल्हापूरकराला सांगायला नको, २०२१ ला परत तेच. घराघरातले अल्बम भिजून पानं एकमेकांना चिकटली, आणि जिथं स्टुडिओ पण पाण्यात तिथं विचारायचं कोणाला? फोटो दोन ठिकाणी असावेत हे शहाणपण ह्या गावाला पुरानं शिकवलंय, आणि ह्या बाबतीत गिऱ्हाईक शंभर टक्के बरोबर आहे. फक्त त्यासाठी रॉ लागत नाही, फुल साईज जेपीजी लागतात. ते न देता फक्त अल्बम आणि व्हॉट्सॲपचे फोटो हातात ठेवणारे जे आहेत त्यांची बाजू मी घेणार नाही.

काही ठिकाणी तर मूळ फाईल दिलीच पाहिजे. पुरानंतर दुकानाच्या क्लेमसाठी काढलेले फोटो, अपघाताचे, कोर्टात जाणारे, तिथं रंग सुधारायचा प्रश्नच नाही, तारीख-वेळेसकट जशीच्या तशी फाईल द्यायची. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी सर्टिफिकेट लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाईलवरून काढलेला तिच्या ठशासारखा आकडा, द्यायला लागते, एक पिक्सेल हलला तरी ती बदलते. बातमीच्या फोटोंचं पण तसंच कडक आहे. रॉयटर्स ह्या वृत्तसंस्थेनं २०१५ ला बाहेरच्या फोटोग्राफरना सांगितलं की रॉवर काम करून बनवलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातून निघालेलाच जेपीजी द्या. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत पुढच्या फेरीत गेलेल्यांकडून मूळ फाईल मागून ताडून बघतात, आणि २०१५ लाच शेवटच्या आधीच्या फेरीतले २० टक्के फोटो फेरफारीमुळं बाद केले होते. म्हणजे मूळ फाईल ही कोणी काढला आणि काय होतं ह्याचा पुरावा आहे. हे पण एक कारण आहेच फोटोग्राफरनं ती जपून ठेवायचं, आता तर एआयनं कोणाचाही फोटो कोणीही बनवतंय, उद्या 'हे काम माझं' म्हणून दाखवायला त्याच्याकडं रॉशिवाय दुसरं काय असणार आहे.

आणि एक प्रकार आहे जिथं नियम-बियम बाजूला ठेवावेत. लग्नानंतर थोड्याच दिवसांत घरातलं कोणी जातं. अल्बममध्ये आजोबा दोनच पानांवर असतात, पण ढिगात बघितलं तर कितीतरी फ्रेममध्ये मागं कुठंतरी खुर्चीवर बसलेले, फेटा सावरणारे, कोणाशी तरी हसणारे. ते सगळे हुडकून, नीट करून, पैसे न घेता द्यावेत, माझ्या ओळखीतले चांगले फोटोग्राफर देतातच. फोटोग्राफरनं तो फोकसमध्ये नाही म्हणून टाकलेला असतो, आणि घरच्यांना फोकसचं काही पडलेलं नसतं.

मग करायचं काय, तर कोटेशनवर चार ओळी वाढवायच्या, वकील लागत नाही. एडिट केलेले फुल साईज फोटो किती आणि कधी मिळणार. रॉ मिळणार नाही, हवी असेल तर ह्या रेटनं. डेटा आमच्याकडं किती महिने राहणार, त्यानंतर आम्ही जबाबदार नाही. आणि फोटो आमच्या पेजवर टाकायला तुमची हरकत आहे का, हो का नाही. ॲडव्हान्स घ्यायच्या आधी हे दाखवायचं, नंतर नाही. आणि ज्यांना रॉ नको, नुसते सगळे फोटो हवेत, त्यांना मिटलेले डोळे आणि पंगतीतले घास बाजूला काढून बाकीचे साध्या कलरमध्ये जेपीजी करून द्यायचे, त्याला सॉफ्टवेअरमध्ये वेळ किती लागतोय, रात्रभर एक्सपोर्ट लावून झोपायचं.

रॉचा रेट किती लावू म्हणून मला विचारतात. मी सांगतो, अल्बममध्ये तुम्हाला जेवढं सुटतं त्यापेक्षा कमी लावू नका, कारण रॉ घेऊन जाणारा माणूस अल्बम बाहेरच करून घेणार आहे. हे पण गिऱ्हाइकाला सरळ सांगावं की, कलेच्या गप्पा मारण्यापेक्षा. माझा पण धंदा त्याच अल्बमवर आहे, मी कशाला लपवू.